लीकेज राहू दे

जॅझ-फंक (जॅझ आणि नाचऱ्या ठेक्याचं फंक यांचं मिश्रण) वाजवणारा बँड लोकांसमोर रेकॉर्ड करायचा म्हटलं की पहिलं भांडण माइकवरून होत नाही, जागेवरून होतं. आमचंही झालं. सहा जणांचा संच: ड्रम्स, बेस, कीबोर्ड, गिटार, सॅक्सोफोन आणि ट्रंपेट. पाच जण तिशीच्या अलीकडे-पलीकडे. ट्रंपेटवर वांद्र्याचे एक गोवेकर अंकल, ज्यांची उमेदीची वर्षं हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. मी मूळचा नाटकवाला. ध्वनिसंयोजन, मधूनमधून वाद्यवृंद, लग्नसराईत संगीत संध्या. पण या मंडळींच्या तालमींना मी नुसता ऐकायलाही जाऊन बसायचो. त्यामुळे "लाइव्ह अल्बम करायचाय, तू करशील?" असं बेसिस्टने विचारलं तेव्हा पैशाचं नंतर बघू म्हणालो. (हे घरी अजून सांगितलेलं नाही.)

बेसिस्टच्या डोक्यात स्नार्की पपी हा अमेरिकन फ्यूजन बँड होता. साहजिक आहे. टेक्सासमधल्या डेंटनच्या विद्यापीठात २००४ च्या सुमारास जमलेल्या या पोरांनी २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या एका स्टुडिओत श्रोत्यांना थेट वादकांच्या मध्ये बसवलं, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन चढवला आणि सगळं एका दमात रेकॉर्ड केलं. खोलीत श्रोत्यांसाठी स्पीकरच नाहीत, म्हणजे स्पीकरमधून निघून परत माइकात शिरणारा आवाजही नाही. कानाला स्टुडिओ, डोळ्याला मैफल. त्यानंतर जगभरातल्या प्रत्येक फ्यूजन बँडला तसंच करायचं असतं.

मी नको म्हणालो. हेडफोन लावलेल्या माणसाला स्वतःची 'वाह' ऐकू येत नाही, मग तो ती देतही नाही. पाहुण्यासारखा शहाण्यासारखा बसतो. शिवाय या बँडचे जे हक्काचे ऐकणारे आहेत ते आरडाओरडा करणारे आहेत, आणि बेस हा प्रकार कानाने कमी आणि खुर्चीतून जास्त ऐकायचा असतो. एवढे हेडफोन आणि त्यांना लागणारे अ‍ॅम्प्लिफायर भाड्याने घ्यायचा खर्च सांगितल्यावर बाकीचेही माझ्या बाजूला आले. खरं तर तेवढ्यावरच आले.

उघड्यावर करायचा प्रश्न नव्हता. अंकल दर वेळी रंगभवनची आठवण काढतात. धोबी तलावच्या त्या खुल्या रंगमंचावर १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा ते तरुण पोरगे होते आणि खालच्या बाकांवर बसून सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सला ऐकल्याचं सांगतात. पण शेजारी कॉलेज, जवळ हॉस्पिटल. शांतता क्षेत्राचे नियम लागू झाल्यावर तिथलं संगीत बंदच पडलं. दुसरीकडे कुठे उघड्यावर केलं तरी रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. दहाला तर आमच्या ड्रमरचा हात गरम व्हायला लागतो.

शेवटी उपनगरातलं एक लहान नाट्यगृह ठरलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्या विजेबद्दल थोडं बोलायचंय. दोनशेच्या आसपास खुर्च्या, काळे पडदे, लाकडी रंगमंच. रंगमंचावर उभं राहून टाळी वाजवली तर कोरडी. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवरून एकदाच परत येते आणि विषय संपतो. फंकला अशीच जागा लागते. या संगीतात दोन सुरांमधली मोकळी जागा सुरांइतकीच महत्त्वाची असते. घुमणाऱ्या हॉलमध्ये ती आधीच भरून जाते, आणि मग वाजवणाऱ्याने कितीही नेमकं थांबवलं तरी ऐकणाऱ्याला ते थांबणं मिळत नाही.

बेसिस्टची पुढची मागणी: एकाच दिवशी दोन कार्यक्रम, दुपारच्या आणि रात्रीच्या सत्रात. दाखला तयार होता. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने १ फेब्रुवारी १९७५ ला ओसाकाच्या एकाच सभागृहात दुपारी एक आणि संध्याकाळी एक असे दोन कार्यक्रम केले आणि त्या एका दिवसातून 'अगार्ता' आणि 'पँजिया' हे दोन डबल अल्बम निघाले. मी म्हटलं, माइल्सकडे सोनीची माणसं होती. आमच्याकडे मी, माझा मदतनीस आणि सेटिंगची दोन पोरं आहोत. दुपारचं सत्र आम्हाला नुसतं माइक लावायला लागेल. लागोपाठ दोन रात्री आणि त्यांच्या दुपारची सत्रं, असं बुकिंग केलं. गाणी तीच, दोन्ही रात्री. जी रात्र चांगली ती अल्बममध्ये.

आता विजेचं. गिटारवाल्याने अ‍ॅम्प चालू केला आणि हॉलभर घरघर. केबल बदलली, अर्थिंग तपासलं, पेडल सगळी काढून थेट गिटार अ‍ॅम्पला लावून बघितली. घरघर तशीच. मग तो गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी हळूहळू गोल फिरला. खिडकीकडे तोंड केलं की आवाज कमी, विंगेकडे केलं की जास्त. म्हणजे आवाज तारेतून येत नव्हता, हवेतून येत होता. त्याची गिटार सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन एकाच वेटोळ्यातून पकडणारी, ती असलं सगळं उचलते. मी वर बघितलं. प्रकाशयोजनेचे काका फेडर, म्हणजे कमीजास्त करायची सरकपट्टी, अर्ध्यावर ठेवून निवांत स्पॉट लावत होते. नाट्यगृहांतले जुने डिमर उजेड कमी करण्यासाठी विजेची लाट मधेच कापतात, सेकंदाला शंभर वेळा. उजेड अर्ध्यावर असतो तेव्हा हा काप लाटेच्या ऐन माथ्यावर पडतो, म्हणून घरघर तेव्हा सर्वांत जास्त.

"काका, एक तर पूर्ण द्या, नाही तर पूर्ण काढा. मधे कुठे ठेवू नका."

"अहो, नाटक सगळं मधेच असतं."

"हे नाटक नाही ना काका."

"मग लोक तिकीट काढून बघायला काय येणार?"

काका मात्र भले माणूस. मोजके हॅलोजन पूर्ण ताकदीवर ठेवून त्यांच्यापुढे दाट जिलेटिन लावून त्यांनी उजेड उतरवला, आणि बाकी काम एलईडीवर भागवलं. अ‍ॅम्पची वीज डिमरच्या फेजवरून काढून दुसऱ्या फेजवर घेतली. थोडी घरघर उरली; गिटार वाजायला लागली की ती दिसत नाही. एसीचा प्रश्न वेगळा. रेकॉर्डिंगवाल्याला एसी बंद हवा असतो, दोनशे प्रेक्षकांना चालू, आणि मुंबईच्या मे महिन्यात प्रेक्षकांचंच खरं. ब्लोअर मंद ठेवून आम्ही मधला रस्ता काढला.

ड्रमर आणि बेसिस्ट हात लांब केला तर हाताला लागतील इतके जवळ बसवले. बाकीचे त्यांच्या भोवती अर्धगोलात. इथे माझ्या मदतनिसाला राहवेना. त्याचं शिक्षण स्टुडिओतलं. "सर, एवढं जवळ? सगळं लीकेज होणार." ड्रम्सच्या पुढे पारदर्शक फायबरच्या पाट्या उभ्या करू, हॉर्नवाल्यांना कोपऱ्यात नेऊ, गिटारचा अ‍ॅम्प मेकअप रूममध्ये ठेवू, असं त्याचं चाललं होतं. लीकेज म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात जाणं. स्टुडिओत तो रोग समजतात. माझं म्हणणं असं, की बँड समोरासमोर वाजतो तेव्हा लीकेज टळत नाहीच; आपल्या हातात एवढंच आहे की ते चांगलं असावं. माणसं जवळ असली की ड्रम्सचा आवाज ट्रंपेटच्या माइकात लवकर पोचतो, स्वच्छ पोचतो. लांब बसवली की तोच आवाज उशिरा, भिंतींवर आपटून, मळका होऊन येतो. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. दीड मीटरवर कानाला उशीर कळत नाही. सहा मीटरवर ठेका सैल वाटायला लागतो, आणि वादकाला स्वतःलाही वाटतो, मग तो मॉनिटर, म्हणजे वादकासाठी रंगमंचावर ठेवलेला स्पीकर, वाढवून मागतो, आणि मॉनिटरचं लीकेज सगळ्यात घाण.

म्हणून दुसरा निर्णय असा की ड्रम्स हॉलच्या स्पीकरमध्ये द्यायचेच नाहीत, फक्त किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, थोडी. दोनशे खुर्च्यांना उघडा ड्रमसेट पुरतो. ड्रम्स जेवढे आहेत तेवढेच, मग बाकी सगळ्यांनी त्या पातळीला वाजवायचं. गिटारवाल्याला हे आवडलं नाही. गिटारवाल्यांना कुठलीही पातळी आवडत नाही.

ड्रम्सना नऊ माइक. लाकडी रंगमंच आतून पोकळ, किक मारली की अख्खी फळी 'धम्म' करायची, म्हणून खाली रबराची मॅट आणि वर दुहेरी जाजम. किकच्या आत एक आणि बाहेर एक. स्नेअरला, म्हणजे खालून तारा ताणलेल्या ड्रमला, वर एक, खाली एक. काठी पडते तेव्हा कातडं वरच्या माइकापासून लांब जातं आणि खालच्याकडे येतं, त्यामुळे खालच्या माइकच्या सिग्नलची दिशा (पोलॅरिटी) उलटी करून घ्यावी लागते, नाहीतर दोघं मिळून स्नेअरचं पोट खातात. खालचा माइक अनेक जण शोभेला लावतात. फंकमध्ये तो नसेल तर चालणार नाही. या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जे जोरदार फटके पडतात त्यांच्या मधल्या जागेत ड्रमर काठी नुसती टेकवत असतो, ऐकू येईल न येईल अशी. जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या क्लाइड स्टबलफील्डचं नाव या मधल्या कामामुळे झालं. हे टेकवणं स्नेअरखालच्या तारांत सळसळतं, आणि ते पकडायचं तर खालूनच. त्यावर गेट लावला, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप कापला, तर लीकेज जातं आणि ठेक्याचा जीवही जातो.

वरच्या दोन ओव्हरहेड माइकांसाठी मी मोजपट्टी काढतो. पट्टीचं टोक मदतनिसाने स्नेअरच्या मधोमध बोटाने दाबून धरायचं, मी स्टूलवर चढून डावीकडे अंतर घ्यायचं, मग उजवीकडे. एका बाजूला ९४ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला ९७. खाली उतरा, स्टँड सैल करा, तीन सेंटिमीटर खाली, घट्ट करा, पुन्हा चढा. स्टँडचा पाय जाजमाच्या सुरकुतीत बसला होता म्हणून पुन्हा बिघडलं. ड्रमर बाजूला वडापाव खात हे बघत होता. "दादा, शर्ट शिवताय का?" म्हणाला. दोन्ही अंतरं सारखी नसतील तर स्नेअर एका कानात आधी येते आणि मध्यभाग सरकतो. आणि ओव्हरहेड सरकले की सगळा संच सरकतो, कारण लाइव्हमध्ये ओव्हरहेड नुसत्या झांजांचे नसतात, निम्मा बँड त्यांत असतो.

बेसला दोन चॅनेल, एक डीआय म्हणजे तारेतून थेट आणि एक अ‍ॅम्पसमोरचा माइक. कीबोर्डला तीन. खरा रोड्स, म्हणजे जुना इलेक्ट्रिक पियानो, आणायचं सुरुवातीला बोलणं झालं, पण तो उचलायला दोन माणसं आणि लावायला एक जाणकार लागतो; मग नेहमीच्या स्टेज पियानोतला रोड्सचा आवाज एका जुन्या ट्यूब अ‍ॅम्पमधून काढून त्याला माइक लावला. तारेतून आलेला आवाज नीटनेटका आणि बेजान होता, अ‍ॅम्पमधला जरा फाटका आणि माणसात आलेला.

हॉर्न्सचं खरं काम अंकलनी केलं. मी ट्रंपेटच्या तोंडाला अडकवायचा छोटा क्लिप माइक आणला होता. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला.

"हे लावलं की मी कुठेही गेलो तरी हा माझ्याबरोबर येणार?"

"हो अंकल, म्हणजे लेव्हल एकसारखी राहील."

"बाबा, लेव्हल मी ठेवतो. तू माइक इथे उभा कर आणि विसर."

महबूब स्टुडिओत, ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये पन्नास-साठ वादक एकत्र वाजवायचे, तेव्हा माइक मोजके असायचे, आणि ब्रासवाले मागच्या रांगेत. जोरात वाजवायचं तर एक पाऊल मागे, बारीक तुकडा आला की पुढे, दुसऱ्याचा मुख्य तुकडा असला की ट्रंपेटचं तोंड जरा जमिनीकडे. हे अंकलच्या अंगात इतकं मुरलंय की तालमीतही ते सरकत असतात. तालमीत मी साधा स्टँडवरचा माइक ठेवून तासभर रेकॉर्ड केलं आणि घरी ऐकलं. चॅनेलचा फेडर मला हलवावा लागला नाही. सॅक्सवाला पोरगा क्लिप माइकचा आग्रही होता. अंकलचं ऐकून दुसऱ्या दिवशी तोही स्टँडवर आला.

सगळे मिळून तेवीस चॅनेल झाले: वरच्यांत गिटारचे दोन, निवेदनाचा एक आणि प्रेक्षकांसाठी चार. चोविसावा राखीव. रंगमंचावरच स्प्लिटर ठेवून प्रत्येक माइकची एक वाट हॉलच्या मिक्सरला आणि दुसरी माझ्याकडे. माझी कंट्रोल रूम म्हणजे मेकअप रूम. तीन बाजूंनी आरसे, भोवती बल्ब. आरशासमोर स्पीकर लावून ऐकणं म्हणजे स्वतःची फसवणूक, म्हणून आरशांवर नाटकाच्या कपडेपटातले शेले टाकले आणि तरीही मुख्य भिस्त हेडफोनवर ठेवली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चोवीस चॅनेलचे तासाला साधारण साडेबारा जीबी होतात. लॅपटॉपवर एक प्रत आणि वेगळ्या रेकॉर्डरवर दुसरी, दोघांची वीज वेगवेगळ्या यूपीएसवरून. गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते, सगळीकडे मुद्दाम कमी ठेवला. स्लॅप बेसवाला तालमीत अंगठा मारतो त्यापेक्षा लोकांसमोर दुप्पट जोरात मारतो, हे नक्की समजायचं. २४ बिटमध्ये कमी पातळीवर घेतलेलं नंतर वर आणता येतं. फाटलेलं शिवता येत नाही.

साउंडचेक मी फार गांभीर्याने घेत नाही. रिकामा, गार हॉल आणि भरलेला हॉल ही दोन वेगळी वाद्यं आहेत. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे स्वर शोषतात, झांजा आपोआप मऊ होतात. ट्रंपेट गारठ्यात उतरतं आणि हॉल तापला की चढतं. कीबोर्ड मात्र ४४० हर्ट्झला खिळलेला. अंकल प्रत्येक गाण्यानंतर ट्यूनिंग स्लाइड केसाएवढी ओढत होते ते मला हेडफोनमध्ये 'टिक्' असं ऐकू यायचं. तो आवाज अल्बममध्येही आहे.

नाट्यगृहाच्या कर्मचाऱ्याने सवयीने तिसरी घंटा दिली. बँडला कुणी सांगितलं नव्हतं. लोक हसले, ड्रमरने ती घंटा संपायच्या आत काठ्यांनी चार मोजले आणि सुरू केलं. पहिली रात्र नीट गेली, सावध गेली. रेकॉर्डिंग आहे हे सगळ्यांच्या लक्षात होतं, आणि लक्षात आहे हे ऐकू येत होतं.

दुसऱ्या रात्री मजा. मधल्या एका गाण्यात सगळे गप्प होतात आणि फक्त ड्रम्स आणि बेस उरतात. लोकांनी ठेका धरला, आणि आपल्याकडे धरतात तसा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. फंकची टाळी दुसऱ्या-चौथ्यावर. दोनशे माणसं उलटीकडे, ड्रमर सुलटीकडे. मेकअप रूममध्ये मी डोक्याला हात लावला, कारण चार माइक फक्त प्रेक्षकांचे आणि आता चारही उलट्या टाळीने भरलेले. रंगमंच दाखवणाऱ्या पडद्यावर दिसलं ते असं: अंकलनी ट्रंपेट स्टँडवर ठेवलं, रंगमंचाच्या कडेला आले, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि दुसऱ्या मात्रेवर टाळी दिली. मग चौथ्या. चेहऱ्यावर काही नाही. पुढच्या रांगा वळल्या, मागच्या वळायला आणखी थोडा वेळ, आणि मधल्या चार-सहा आवर्तनांत अर्धा हॉल इकडे आणि अर्धा तिकडे, म्हणजे प्रत्येक मात्रेवर टाळी. सॅक्सवाल्याने तेवढ्यात काउबेल उचलली. माझा मदतनीस धावत जाऊन राखीव माइक त्याच्यापुढे धरून उभा राहिला, स्टँड नव्हता म्हणून हातातच. कुणीही ठरवलेलं नव्हतं.

फंकच्या पहिल्या मात्रेचं आपल्या समेशी नातं जोडायची आपल्याला घाई असते. मला ते पटत नाही. समेवर आपण फिरून येतो, दूर जातो म्हणून येण्यात गंमत. फंकमधली पहिली मात्रा कुणी सोडूनच जात नाही. दर आवर्तनाला ती पुन्हा ठोकायची आणि उरलेल्या तीन मात्रांत खोडी करायची. त्या टाळ्यांच्या गोंधळात पहिली मात्रा कुणाचीच चुकली नव्हती, म्हणून तो गोंधळ आजही ऐकवतो.

नंतरचं काम लांबट आणि एकट्याचं. दोन्ही रात्रींतले तुकडे जोडून एक उत्तम गाणं करता येईल अशी गिटारवाल्याची समजूत होती. बँड क्लिकवर, म्हणजे कानातल्या ठरावीक टिकटिकीवर, वाजत नाही. एकच गाणं पहिल्या रात्री मिनिटाला १०४ मात्रांवर सुरू होऊन १०८ वर संपलं, दुसऱ्या रात्री १०१ वरून १०७ वर गेलं. जोड लावला की कान ठेचकाळतो. आणि ही चढती लय मला दुरुस्त करायची नव्हती. सोलो तापतो तशी ती चढते. मग अख्खी गाणी निवडली, बहुतेक दुसऱ्या रात्रीची.

प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूचे माइक रंगमंचापासून चौदा मीटरवर, म्हणजे त्यांत बँड सुमारे ४० मिलिसेकंद उशिरा. १०४ च्या लयीत मात्रेचा चौथा भाग १४४ मिलिसेकंदांचा होतो. त्यात ४० चा उशीर म्हणजे स्नेअरला शेपूट. ते ट्रॅक तेवढे पुढे ओढले आणि हॉल घट्ट झाला. टाळ्यांच्या भागात मात्र परत होते तिथे नेले, नाहीतर माणसं ड्रमरच्या मांडीवर बसल्यासारखी वाटतात.

मग बेसिस्टचा सूर. दुसऱ्या रात्रीच्या सर्वांत चांगल्या गाण्यात मधल्या भागातून तो एक आवर्तन आधीच घरी, म्हणजे गाण्याच्या मुख्य भागावर, परतला. बाकीचे अजून बाहेर, हा एकटा घरात. त्याचं म्हणणं, स्टुडिओत तेवढंच पुन्हा वाजवून चिकटवू. तत्त्वाचा प्रश्न नव्हता. बाहेरचे लोकही करतात आणि त्याच्याकडे दाखले तोंडपाठ. वेदर रिपोर्ट या फ्यूजन बँडच्या १९७९ च्या '८:३०' या लाइव्ह डबल अल्बमची चौथी बाजू चक्क स्टुडिओतली आहे, आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. जपानच्या कॅसिओपिया बँडने १९८२ मध्ये 'मिंट जॅम्स' लोकांसमोर वाजवून जवळपास सगळ्या टाळ्याच काढून टाकल्या. ठीक. मी त्याला समोर बसवलं, बेसचे दोन्ही चॅनेल बंद केले आणि तो भाग लावला. चुकलेला सूर ओव्हरहेडमध्ये होता, स्नेअरखाली होता, कीबोर्डच्या अ‍ॅम्पच्या माइकात तर स्वच्छ होता. वर नवा सूर चिकटवला असता तर दोन बेसिस्ट ऐकू आले असते.

"आमच्या वेळी साठ जणांत एकाने चूक केली तर साठही जण परत वाजवायचे," अंकल म्हणाले.

"मग तुम्ही चुकलात की काय व्हायचं?"

"मी नाही चुकायचो."

तो भाग परत परत लावल्यावर दुसरं एक लक्षात आलं. बेस आधी घरी आल्याचं ड्रमरने त्याच मात्रेवर ऐकलंय, आणि सगळ्यांना ओढून आणायला त्याने एक लांब फिल, म्हणजे जागा भरणारा ड्रम्सचा तुकडा, मारलाय, टॉमवरून खाली उतरत जाणारा. दोन रात्रींत त्याचा एवढा सुंदर फिल दुसरा नाही. चूक काढली तर तो फिल वेड्यासारखा वाटतो. बेसिस्टने मान हलवली, पूर्ण मनापासून नव्हे.

शेवटचं मास्टरिंग, म्हणजे अल्बम बाहेर जाण्याआधीचा शेवटचा हात. आवाज मोठा करण्याची शर्यत आता निरर्थक आहे; स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणून वाजवतात, म्हणजे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि दबलेलं तेवढं उरतं. तेव्हा चढउतार तसेच ठेवले. फक्त बेसला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकीशी फाट, दिलं. बेसच्या जाड तारेचा खालचा ई ४१ हर्ट्झचा. फोनच्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही, पण त्याचे वरचे अंशस्वर वाढवले की कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. आणि निम्मे लोक फोनवरच ऐकणार.

अंकल फोनवर ऐकत नाहीत. त्यांनी गाडीसाठी पेनड्राइव्हवर मागून घेतलं आणि आठवड्याभराने फोन केला.

"तिसऱ्या गाण्यातला माझा सोलो पहिल्या रात्री बरा होता."

"होता अंकल. पण त्या रात्री गिटार बरी नव्हती."

"मग माझा सोलो तिथून काढून इथे लाव."

"नाही लागत. लय वेगळी आहे, आणि तुमच्या माइकात ड्रम्स आहेत."

"माझ्या माइकात ड्रम्स कशाला ठेवलेस?"

"तुम्हीच म्हणालात, माइक उभा कर आणि विसर."

पलीकडून हॉर्न वाजला, गाडीचा. सिग्नल सुटला होता. "बरं, गिटारवाल्याला सांग, पुढच्या वेळी तालीम करून ये म्हणावं," म्हणाले आणि फोन ठेवला.